यू-५३२ : एका पाणबुडीची चाकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार चळवळीबद्दल काही तरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘एक जर्मन पाणबुडी’ असे कळवले. तेव्हा आपण बरोबर ऐकले ना, याची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी पुन्हा फोन केला. त्यांचे चुकले नाही. खलाशांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाचे आयुष्य पगार, रजा, नुकसानभरपाई आणि वारसाचा दाखला यांतच जाते. परंतु हे काम करता करता मला जुन्या कागदांचा नाद लागला. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; पुढचे सारे गोदीत आणि वाचनालयात झाले. जुन्या कागदांत वारंवार भेटलेली ही पाणबुडी आज तुमच्यासमोर मांडतो. मी कामगार चळवळ सोडून बोलतो आहे की काय, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

पाणबुडीचे नाव यू-५३२. जर्मन लोक आपल्या पाणबुड्यांना नावे ठेवीत नसत, आकडे देत. हिची बांधणी हँबुर्गच्या गोदीत झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये ती पाण्यात उतरली आणि ११ नोव्हेंबर १९४२ रोजी आरमारात रुजू झाली. कप्तान ऑटोहाइनरिख युंकर. पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत हाच एक कप्तान तिच्यावर होता, आणि ही गोष्ट पाणबुड्यांच्या बाबतीत फारशी आढळत नाही. कारण बहुतेकींना अखेरचा दिवस फार लवकर आला. लांबी सुमारे ७७ मीटर. पुढे चार आणि मागे दोन अशा सहा नळ्या, त्यांतून सोडावयाचे टॉर्पेडो, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांचे पाणतीर, एकूण बावीस. आत पन्नासएक माणसे.

पाणबुडी म्हणजे सदासर्वदा पाण्याखाली राहणारी वस्तू, अशी आपली कल्पना असते. त्या काळची पाणबुडी तशी नव्हती. ती पाण्याखाली जाऊ शकणारी बोट होती, एवढेच. पाण्यावर ती डिझेल इंजिनावर धावे, तासाला अठरा सागरी मैल. खाली गेली की इंजिन बंद, कारण इंजिनाला हवा लागते. मग विजेच्या बॅटऱ्यांवर तासाला कसेबसे सात मैल, तेही थोडाच वेळ. बॅटऱ्या उतरल्या की पुन्हा वर येणे भाग. आपल्या खाडीतली सुसर श्वासासाठी नाक वर काढते, तसाच हा प्रकार. यामुळेच तिला शिकार हवी ती एकटीदुकटी, संरक्षण नसलेली. ज्या जहाजाशेजारी विनाशिका आहे, त्याच्या वाटेला जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

हा धडा यू-५३२ पहिल्याच फेरीत शिकली. मार्च १९४३ च्या अखेरीस ती कील बंदरातून निघाली आणि एप्रिलच्या शेवटी उत्तर अटलांटिकमध्ये ओएनएस-५ नावाच्या काफिल्याला भिडली. सहा पाणतीर सोडले, सहाही फुकट गेले. उलट काफिल्याच्या रखवालदार बोटींनी तिला तासन् तास पाण्याखाली कोंडून वरून स्फोटकांचा मारा केला. कशीबशी जीव वाचवून ती मे महिन्यात फ्रान्सच्या लोरियाँ बंदरात शिरली. त्या मे महिन्यात अटलांटिकचे पारडे फिरले. जर्मनांच्या इतक्या पाणबुड्या बुडाल्या की त्यांच्या सेनापतीला तो समुद्र सोडून दुसरीकडे शिकार शोधावी लागली.

दुसरीकडे, म्हणजे कुठे? आपल्या दारात.

१९४३ च्या उन्हाळ्यात जर्मन आरमाराने हिंदी महासागरासाठी एक टोळी काढली. तिचे नाव ‘मोन्सून’. हे नाव कुणा कवीने दिलेले नव्हते, त्यात सरळ हिशेब होता. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, पाणबुडीला नीट नेम धरता येत नाही. पावसाळा सरला की समुद्र निवळतो आणि त्याच वेळी सगळी जहाजे बाहेर पडतात. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो तो काही नुसता धर्म नव्हे. हंगाम उघडल्याची ती नांदी असते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची गलबते आणि मचवे त्यानंतरच किनारा सोडीत. बर्लिनमध्ये नकाशावर वाकलेल्या माणसांनी हेच पंचांग मांडले होते. फरक इतकाच की त्यांच्या हातात नारळ नव्हता.

वाटेतच या टोळीची चाळण झाली. निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक एक तर बुडाल्या, नाही तर माघारी वळल्या. हिंदी महासागरात पोहोचल्या त्या पाच: यू-१६८, यू-१८३, यू-१८८, यू-५३२ आणि यू-५३३. सप्टेंबरात मॉरिशसच्या दक्षिणेला ‘ब्राके’ नावाच्या तेलवाहू जहाजाकडून त्यांनी तेल भरून घेतले आणि त्या पांगल्या. यू-५३३ महिनाभरात ओमानच्या आखातात विमानाच्या माऱ्याने बुडाली; तिच्यावरचा एकच माणूस वाचला. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास माणसे परतलीच नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आत बसलेलेही बहुतेक विशी-बाविशीचे पोरगेच होते आणि त्यांनी काही लढाई पुकारलेली नव्हती.

आता यू-५३२ च्या कामगिरीकडे येऊ. १९ सप्टेंबरला तिने छागोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘फोर्ट लाँग्विल’ हे ७,१२८ टनांचे ब्रिटिश जहाज बुडवले. २९ सप्टेंबरला ‘बॅन्फशायर’, ६,४७९ टन. १ ऑक्टोबरला ‘ताहसिनिया’, ७,२६७ टन. ११ ऑक्टोबरला मलबारच्या किनाऱ्यालगत ‘जलबाला’, ३,६१० टन. २० ऑक्टोबरला एका ब्रिटिश तेलवाहू जहाजाला तिने जखमी केले आणि महिनाअखेरीस जपान्यांच्या ताब्यातल्या पिनांग बंदरात ती नांगर टाकून बसली. पाच आठवड्यांत चार जहाजे.

मंडळी, मी टनांचे आकडे वाचून दाखवले याचे कारण असे की पाणबुडीच्या चाकरीचा हिशेब टनांतच ठेवला जाई. कप्तानाची बढती, त्याची पदके, त्याचे नाव सारे टनांवर. आठ जहाजे, ४६,८९५ टन अशी यू-५३२ ची सारी बेरीज आज कुणालाही पुस्तकात सापडेल. ती मी स्वतः जहाजागणिक मांडून पाहिली. एक टन इकडचा तिकडे होत नाही. गिरणीचा कारकूनही इतका चोख हिशेब ठेवीत नसेल.

पण त्या टनांमध्ये माणसे होती. ‘फोर्ट लाँग्विल’चेच घ्या. जहाजावर साठाच्या आसपास माणसे होती. त्यांपैकी दोन वाचली, फक्त दोन. दोघेही हिंदी खलाशी. नावांवरून बंगालकडचे दिसतात. एका तराफ्यावर ते जे वाहत निघाले, ते १३४ दिवस वाहत राहिले. सप्टेंबरचे ऑक्टोबर झाले, दिवाळी गेली, इंग्रजी वर्ष पालटले. फेब्रुवारी १९४४ उजाडता उजाडता तो तराफा सुमात्राजवळच्या बेटाला लागला. छागोसपासून सुमात्रा म्हणजे दोन हजार सागरी मैलांच्या आसपासचे अंतर. तिथे जपानी होते. त्यांनी या दोघांना कैद केले.

आता दुसरी हकीकत ऐका. ‘बेनलोमंड’ नावाच्या ब्रिटिश जहाजावर पून लिम नावाचा एक चिनी नोकर होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते जहाज अटलांटिकमध्ये बुडाले आणि पून लिम तराफ्यावर १३३ दिवस एकटा राहिला. मासे पकडून, पावसाचे पाणी साठवून तो जगला. त्याला इंग्लंडच्या राजाने पदक दिले, जगभर त्याच्यावर लिहिले गेले. ते त्याला मिळावयासच हवे होते. तो एकटा होता, आणि एकटेपणाचे ओझे निराळे असते. पण १३३ दिवसांची गोष्ट जगाला पाठ आहे, आणि १३४ दिवसांची गोष्ट या सभागृहात किती जणांनी ऐकली आहे? हात वर करावयास मी सांगत नाही. मीसुद्धा ती पन्नाशी जवळ आल्यावर वाचली, आणि जन्मभर खलाशांमध्येच वावरलेला माणूस आहे मी.

हे असे का झाले असावे, त्याचे उत्तर त्या जहाजांवरच्या राहणीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या नोकरवर्गातला सुमारे चौथा हिस्सा हिंदी होता. आपल्या रत्नागिरीकडचे लोक बहुधा डेकवर. सारंग, टिंडेल, सुकाणी, कसाब ही पदे त्यांची. भट्टीपुढे आगवाले म्हणून पंजाब आणि बंगालकडचे. गोव्याचे लोक बटलर आणि भंडारी. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. झोपण्याची जागा गोऱ्याला १२० घनफूट आणि आपल्याला ३६, असे कायद्यातच होते. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. घरी गेल्यावर दोरी घेऊन मोजून पाहा. युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये या खलाशांनी इंग्लंडच्या आणि इतर बंदरांत काम बंद केले. त्यांची मागणी पगारवाढीची आणि युद्धभत्त्याची होती. काही जणांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले, पण वाढ मिळाली. युद्धकाळात संप करणे देशद्रोह आहे, असे सांगणारे तेव्हाही होते. देश कुणाचा, हा प्रश्न त्या खलाशांनी विचारला की नाही, ठाऊक नाही. विचारला असता तर योग्यच झाले असते.

आणि पाणतीर लागतो कुठे? नेम धरणारा जहाजाच्या मध्यावर, इंजिनाच्या बाजूला धरतो. तिथे खाली आगवाला आणि तेलवाला पहाऱ्यावर असतात. वर येण्यास लोखंडी शिडी एक. बाकीचे गणित मी सांगावयास नको.

‘जलबाला’ची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. ते जहाज मुंबईच्या सिंधिया कंपनीचे. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ मध्ये उभी केलेली ही स्वदेशी कंपनी. तिचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि तो दिवस आपण अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. कंपनीने दर्या सोडला त्याला मात्र बराच काळ लोटला. तिची ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ ही जहाजे जपानी पाणबुड्यांनी १९४२ च्या जानेवारीतच घेतली होती. ‘जलबाला’ गेली तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि कोजागिरी दोन दिवसांवर होती. हे स्थळ कुठे आफ्रिकेकडे नव्हते. केरळच्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हे, मासेमारीच्या होड्या जातात त्याच पट्ट्यात.

याहून जवळची हकीकत यू-५३२ च्या बहिणीची, यू-१६८ ची आहे. तिने २ ऑक्टोबर १९४३ रोजी, नवरात्र नुकतेच बसले असताना, मुंबईच्या पश्चिमेला ‘हैचिंग’ ही आगबोट बुडवली. आणि लढाईच्या इतिहासांत पुढे एक ओळ येते की तिने तोफेने सहा शिडाची जहाजेही नष्ट केली. तोफेने, कारण लाकडी गलबतावर पाणतीर खर्च करणे परवडत नाही. ‘हैचिंग’चे टन २,१८३ असे लिहिलेले आहेत. सहा शिडाच्या जहाजांपुढे टन नाहीत, नाव नाही, बंदर नाही, तांडेलाचे नाव नाही. हंगाम उघडताच बाहेर पडलेली ती गलबते होती. आमच्या घरच्या म्हाताऱ्या बायका एखाद्याबद्दल ‘तो बोटीर गेलो, तो गेलोच’ एवढेच सांगून दाराबाहेर बघत, त्याचा अर्थ मला ही ओळ वाचल्यावर कळला.

इथे गोव्याचा उल्लेख केला नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. मुरगाव बंदरात युद्धाच्या सुरुवातीपासून ‘एहरेनफेल्स’ आदी जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज आसरा घेऊन होते, कारण पोर्तुगाल तटस्थ. ‘एहरेनफेल्स’वरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा वहीम होता. म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या उतारवयाच्या साहेबांनी बार्जमधून जाऊन त्या जहाजावर छापा घातला. जर्मनांनी आपली जहाजे स्वतःच बुडवून टाकली. यावर पुस्तक आले, १९८० मध्ये सिनेमाही निघाला, आणि त्या छाप्याने हिंदी महासागर पाणबुड्यांपासून सुरक्षित झाला असा समज रूढ झाला. कहाणी बहारदार आहे, पण तारखा पाहा. यंत्र मार्चात बंद झाले, मोन्सून टोळी सप्टेंबरात आली आणि तरीही जहाजे बुडालीच. त्यांना मुरगावच्या चहाडीची गरज नव्हती. आपल्या समुद्रातली बहुतेक जहाजे तेव्हा एकेकटी, रखवालीवाचून जात असत, कारण रखवालदार बोटी भूमध्य समुद्राकडे नेलेल्या होत्या. खरे कारण एवढे साधे होते. त्यावर सिनेमा निघत नाही.

पाणबुडी म्हटली की आपल्या मनात दुसरे एक चित्र उभे राहते, ते नेताजींचे. फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून यू-१८० या पाणबुडीतून नेताजी आणि आबिद हसन निघाले आणि २८ एप्रिलला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते जपानी पाणबुडी आय-२९ वर चढले. एवढे धाडस इतिहासात क्वचित. ते मी कमी लेखीत नाही. पण त्याच प्रवासात, १८ एप्रिलला, यू-१८० ने ‘कॉर्बिस’ हे तेलवाहू जहाज बुडवले आणि त्यावरचे बहुतेक खलाशी मेले. आणि ज्या आय-२९ ने नेताजींना पुढे नेले, तिनेच पाच महिने आधी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ बुडवली होती. तीत साडेनऊशे माणसे होती, बहुसंख्य आपलीच, २८० गेली. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत, असे मला वाटते. एक लिहून दुसरी खोडू नये.

आता यू-५३२ चा पुढचा प्रवास थोडक्यात. जानेवारी १९४४ मध्ये ती पिनांगहून पुन्हा निघाली. ‘वॉल्टर कँप’ हे अमेरिकन जहाज आणि मार्चअखेर ‘तुलागी’ हे सिडनीहून कोलंबोला जाणारे छोटे जहाज तिने बुडवले. ‘तुलागी’चे मोजके लोक दोन महिने वाहत जाऊन सेशेल्सकडच्या बेटाला लागले. पण तोवर इंग्रजांनी जर्मनांची गुप्तलिपी फोडली होती. तेल देणारी ‘शार्लोटे श्लीमान’ आणि ‘ब्राके’ ही दोन्ही जहाजे फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधून काढून बुडवण्यात आली. तेल नाही म्हणजे शिकार नाही. एप्रिलमध्ये ती पिनांगला परत आली.

मग या पाणबुडीचे जे झाले त्याची मला मोठी गंमत वाटते. जर्मनीत रबर नाही, कथील नाही, कोयनेल नाही. पूर्वेकडे हे सारे भरपूर, पण न्यावयाचे कसे? वरून जाणारी जहाजे दोस्तांनी बुडवलेली. तेव्हा पाणबुड्यांनाच हमाली लावण्यात आली. जानेवारी १९४५ मध्ये यू-५३२ बटाव्हियाहून कथील, रबर, वुल्फ्राम आणि कोयनेल भरून घराकडे निघाली. ज्या मालवाहू जहाजांची तिने शिकार केली, त्यांच्याच जातीत ती आली. वाटेत अटलांटिकमध्ये ‘बॅरन जेडबर्ग’ आणि ‘ओक्लाहोमा’ ही दोन जहाजे मात्र तिने बुडवलीच. ती घरी पोहोचण्याआधी घरच पडले. मे १९४५ मध्ये शरणागतीचा हुकूम आला आणि युंकरने आपली बोट इंग्रजांच्या स्वाधीन केली. तो सारा माल लिव्हरपूलच्या गोदीत उतरला. मलायाचे रबर आणि कथील शेवटी इंग्रजांच्याच हाती पडले; युद्धाआधीही ते त्यांच्याच हाती पडत होते. उतरवणारे हमाल मात्र तिथले होते, एवढाच बदल.

९ डिसेंबर १९४५ रोजी तिला आयर्लंडच्या उत्तरेकडील समुद्रात ओढून नेऊन बुडवण्यात आले. शरण आलेल्या ११६ पाणबुड्यांची अशी विल्हेवाट लागली.

पाणबुडीची नोकरवही इथे पुरी झाली. खलाशाच्या नोकरवहीला आमच्याकडे ‘नल्ली’ म्हणतात. पूर्वी ती पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवीत, त्यावरून. नल्लीत जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि कप्तानाचा शेरा. उतरल्याच्या तारखेचा रकाना कोरा असलेली नल्ली घरी येत नसे, कारण ती माणसाबरोबरच खाली जाई. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात एक नामावलीचे पुस्तक ठेवलेले आहे. त्याची दुसरी प्रत चितगावला. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या हिंदी आरमारातल्या सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार माणसांची नावे त्यात आहेत. लंडनच्या टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी खलाशांचे मोठे स्मारक आहे, काशाच्या पाट्यांवर नावे कोरलेली. आपल्या लोकांसाठी पुस्तक. पुस्तक वाईट नव्हे, पण ते उघडून पाहावे लागते.

ते उघडून पाहावे हेच सांगण्याकरिता मी आलो आहे. तुमच्यापैकी कुणाचा आजा, पणजा, आजीचा भाऊ १९३९ ते १९४५ मध्ये बोटीवर गेला आणि आला नाही, असे असेल तर नाव मला द्या. आयोगाची यादी आता संगणकावरही पाहता येते. शोधताना एक अडचण येते: नावे इंग्रज कारकुनाने कानाला आले तशी लिहिली आहेत. आडनाव पुष्कळदा नाहीच. नाव, बापाचे नाव आणि जमले तर गाव. तेव्हा घरात काय म्हणत, बापाचे नाव काय, वाडी कोणती, जहाज माहीत असेल तर कोणते, एवढे कागदावर लिहून आणा. जुनी पत्रे, मनिऑर्डरीची पावती, कंपनीची तार, फोटोमागचे शिक्के, जे असेल ते आणा. फाटके असले तरी चालेल. मी उद्या दुपारच्या कुडाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे. सकाळी आठपासून भगवतीच्या देवळापुढे तळ्याच्या बाजूला बसतो.